रेंजचं झाड

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी चौक गावाकडून येताना एखादा पांढरा टेंपो कडेला उभा दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बायको म्हणते, "झालं सुरू तुमचं."

मी तेव्हा खालापूर-कर्जत भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातली सकाळ होती. हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका मुलीला आत आणलं. सव्वीस-सत्तावीसची असेल. डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ते नवऱ्याने मोडलं होतं. त्याचा गुन्हा आधीच दाखल होता आणि नवरा जामिनावर बाहेर होता. ती खोपोलीचं घर आणि तिथली नोकरी सोडून लोधिवलीला मावशीकडे येऊन राहिली होती. पत्ता मावशीशिवाय कुणाला दिला नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा टेंपो समोरच्या वळणावर उभा.

"बोलला का काही? हात लावला?" मी विचारलं.

"नाय साहेब. नुसता बसतो आन बघतो. घर सोडताना एकदाच बोल्ला होता, कुठंबी जा, मला दिसतेस."

मी हे 'दिसतेस' धमकी म्हणून लिहून घेतलं आणि पुढे गेलो. ऐकणं आणि लिहून घेणं यात फरक असतो. पोलिसाला तो उशिरा कळतो, मला तर फारच उशिरा कळला.

नवऱ्याला बोलावून समज दिली. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले, तोंडात साखर. "साहेब, माझा टेंपो हायवेवर चालतो. रस्ता सरकारी हाय. चहाला थांबलो तर गुन्हा झाला का?" असली माणसं मला आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. ओरडणारा निदान काय करणार ते सांगून टाकतो.

मग प्रश्न उरला एकच, याला पत्ता दिला कुणी? माझं डोकं नेहमीच्या वाटेने गेलं. खबर माणूस देतो. तीस वर्षं मी खबऱ्यांवर काम काढलं होतं, मला दुसरं काही सुचणार कुठून? चौकशीत कळलं की हे स्थळ मावशीनेच आणलं होतं. झालं! माझ्या मनात चित्र पूर्ण झालं. लग्न मोडलं तर नाक मावशीचं कापलं जाणार, म्हणून तीच जावयाला आतून कळवते.

साक्षीला बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून आमच्या महिला शिपायाला घेऊन मी लोधिवलीला मावशीच्या घरी गेलो. नियम पाळला, पण दारात पोलिसांची जीप उभी केली. गल्लीतली सगळी दारं उघडली. मावशी साठीची, विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. तिला पाऊण तास प्रश्न विचारले. जावयाशी शेवटचं बोलणं कधी झालं? त्याच्या घरच्यांशी येणं-जाणं आहे का? खोटं बोललात तर पुढे काय होईल, माहीत आहे ना? ती प्रत्येक वेळी एकच सांगत होती. "मी नाय सांगितलं. माजं सरलेलं आयुष्य हाय, पोरीचं कशाला सरवू?"

तिच्याकडे कसला फोन आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही. शेवटी ती म्हणाली, "साहेब, कुकर लावलाय, बंद करून येऊ का?" ती उठून आत गेली आणि परत आलीच नाही. बाहेर अंगणात भाची उभी होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, "घरातलंच माणूस सांगतंय. इथून हल."

मुलगी संध्याकाळी पिशवी घेऊन निघून गेली. मावशीने चहा टाकला होता. तो न घेता गेली, हे मला महिला शिपायाने नंतर सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, सुटली.

सुटली कसली! भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये तिची मैत्रीण राहत होती, तिच्याकडे ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेंपो फाटकासमोर हजर. मी विचारलं, "मावशीला फोन केला होतास का?" म्हणाली, "पोचले म्हणून एकदाच." बस्स, मला आणखी काय हवं होतं? मावशीचा सीडीआर, म्हणजे कुणाकुणाला फोन झाले त्याची नोंद, मागवली. ती आली. भाची, गॅसवाला, दूध डेअरी. नवऱ्याचा नंबर कुठेच नाही. तरीही मी चुकलो असं स्वतःला म्हटलं नाही. म्हातारी हुशार आहे, शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत असेल, असं म्हटलं. एकदा संशय धरला की पुरावा नसणं हाच पुरावा वाटायला लागतो.

ते आठ-दहा दिवस मला झोप नीट लागत नव्हती. जेवताना फोन वाजला की घास तसाच राहायचा. मनगट मोडणारा माणूस नुसता बघायला येत नाही. बघून झाल्यावर तो काय करणार, याच्या कल्पना मी दिवसभर करायचो आणि घरी कुणावर तरी ओरडायचो.

क्वार्टर्समध्ये डोंगरातल्या ठाकरवाडीवरची एक बाई रानभाजी विकायला यायची. मुलीचं रडणं तिने पाहिलं आणि म्हणाली, "चल माज्या घरी. तिकडं गाडीच येत नाय." मुलगी गेली. कुणालाही न सांगता, अगदी मलाही दुसऱ्या दिवशी कळलं. चार दिवस काही नाही. मला वाटलं, मावशीला पत्ता माहीत नाही म्हणून शांत आहे. बघा, मी बरोबर होतो!

सहाव्या दिवशी ती वाडीवरची बाई करटोल्यांची पाटी डोक्यावर घेऊन सरळ ठाण्यात आली. अंमलदाराला वाटलं भाजी विकायला आली. ती पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"साहेब, काल तो आला व्हता."

मी खुर्चीतून उठलो. "घरी आला?"

"घरी नाय. तीच तर गंमत हाय. वाडीत त्यानं कुणालाच इचारलं नाय. मोटरसायकल खाली लावली, टेकडीवर चढला आन रेंजच्या झाडाखाली जाऊन बसला. तासभर. मंग हिकडं तिकडं बघून गेला."

रेंजचं झाड म्हणजे टेकडीवरचं जांभळीचं झाड. वाडीत फोन लागत नाही, त्यामुळे कुणाशी बोलायचं तर सगळे त्या झाडाखाली जातात. मुलगी त्याच्या आदल्या दिवशी तिथे फोन चालू करून आईशी बोलली होती.

"खबर देणाऱ्या माणसानं माजं घर सांगितलं असतं ना साहेब? झाड कशाला सांगंल?" ती म्हणाली. "ती झाडाखाली फोन घिऊन गेली, तो झाडाखाली आला. वाडीत फोन मेलेला, तवर तो नाय आला. मला तर फोनचाच संशव येतोय."

ज्या बाईकडे स्वतःचा फोन नव्हता, तिने हे मला सांगितलं. मी तीस वर्षांचा अधिकारी तोंडाचा आ करून बसलो होतो. खरं सांगतो, लाज वाटली. आणि लाजेच्या आधी राग आला, तोही स्वतःवर नाही, तिच्यावर. माणूस असाच असतो.

त्या बाईलाच पाठवून मुलीला फोनसकट ठाण्यात आणलं. आमची महिला शिपाई सायबरचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "फोन कुणी दिला?"

"यांनीच. वाढदिवसाला. समदं सेट करून दिला व्हता."

"पिन त्यांना माहीत आहे?"

"नवऱ्याला पिन म्हाईत नसंल तर घरात भांडणंच की."

"बॅटरी लवकर उतरते? नुसता ठेवला तरी गरम होतो?"

"होतो. म्हणून मी नको ती ॲपं समदी काढली. गेमचं, फोटोचं, गाण्याचं. तरी होतोच."

तिने दिसतील ती सगळी काढली होती. जे काढायचं होतं, त्याला पडद्यावर चिन्हच नव्हतं. शिपायाने सेटिंग उघडलं आणि तुमचं ठिकाण पाहायची परवानगी कुणाकुणाला आहे, ती यादी काढली. त्यात बॅटरी सांभाळणारं असं साधंसुधं नाव घेतलेलं एक ॲप होतं. त्याला ठिकाणाची परवानगी होती, मेसेजची होती, माइकचीही होती. बॅटरीला माइक कशाला लागतो?

"काढ ते आधी!" मी जवळजवळ ओरडलो.

"नाही साहेब." तिने फोन माझ्यापासून लांब धरला. "हा पुरावा आहे. आणि आता काढलं तर त्याला लगेच कळेल की आपल्याला कळलंय. मग तो काय करेल ते आपल्याला दिसणार नाही."

माझ्याच केबिनमध्ये, दोन बाहेरच्या बायकांसमोर, माझ्याच शिपायाने मला नाही म्हटलं. कान तापले. पण ती बरोबर होती. मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "मग काय करायचं ते सांग." नोकरीत मी बोललेली जी काही शहाणी वाक्यं असतील, त्यातलं हे एक.

मुलीला ठाण्यातच बसवलं आणि फोन घेऊन शिपाई साध्या कपड्यात चौकच्या एका ढाब्यावर गेली. आम्ही दोन पंच घेऊन मागच्या खोलीत होतो. दीड तास मी त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. ढाबेवाला वैतागून म्हणाला, "साहेब, फरशी झिजंल, बसा की." मग टेंपो आला. नवरा उतरला, हातातल्या फोनकडे बघत आत शिरला, टेबलं शोधत शोधत शिपायापाशी येऊन थांबला आणि गोंधळला. त्याच्या पडद्यावर नकाशा होता आणि ठिपका त्याच ढाब्यावर होता. पंचांसमोर त्याचा फोन ताब्यात घेतला, पंचनामा केला. आत तिचे सगळे मेसेज होते. आईला लिहिलेले, मैत्रिणीला लिहिलेले, वकिलाला लिहिलेलेसुद्धा.

चौकशीत तो ढसाढसा रडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला. "बायको माजी, फोन माज्या पैशाचा. मी बघितलं तर तुमचं काय गेलं?"

"तिचं गेलं," मी म्हटलं. "मनगट गेलं, नोकरी गेली, आणि तुझ्यामुळे सख्खी मावशी गेली."

बोलताना माझीच जीभ अडखळली. मावशी त्याच्यामुळे गेली नव्हती.

पाठलागाचा गुन्हा दाखल झाला. मनगटाच्या प्रकरणातला त्याचा जामीन न्यायालयाने रद्द केला, आणि तिच्या आसपास फिरकायचं नाही असा आदेशही मिळाला. तिचा फोन तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेला. तिने नवा घेतला, शिपायासोबत बसून सगळे पासवर्ड बदलले आणि कर्जतला खोली घेतली. एका रोपवाटिकेत कामाला लागली. मावशीकडे मात्र गेली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुमी सांगितलं आन मी खरं मानलं साहेब. कोणत्या तोंडानं जाऊ?" मी "जा गं, काही होत नाही" असं म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यात बदली झाली आणि नंतर निवृत्ती.

गेल्या वर्षी लोधिवलीच्या बचत गटाने मला फोनच्या सुरक्षेवर बोलायला बोलावलं. मी ऐटीत सगळं सांगितलं. पिन नवऱ्यालाही द्यायलाच हवा असं नाही. दुसऱ्याने सेट करून दिलेला फोन स्वतः एकदा तपासून घ्या. ज्या ॲपला जे लागत नाही, त्याची परवानगी काढा, ॲपच नको असेल तर तेही काढा. पण कुणाची भीती असेल तर काढायच्या आधी जाणत्या माणसाला दाखवा, आणि मदत मागायला दुसऱ्याचा फोन वापरा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "काही शंका?"

मागून एक म्हातारी उठली. मी लगेच ओळखलं.

"फोनातलं समदं सांगितलंत," मावशी म्हणाली. तिने कमरेची पिशवी उघडली आणि बटणाचा जुना फोन वर धरला. "माज्याकडं तवाबी हाच व्हता. हाच्यात नंबर कसा लावायचा ते तिनंच शिकवलं व्हतं मला. तुमी हा बघितलाबी नाय. पण दारात जीप लावली. गाव अजून बोलतंय. ते कसं काढायचं, ते सांगा."

मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, तुमची काही चूक नव्हती. खोटा आळ मी घेतला. मला माफ करा."

"मला कशाला सांगता? मला ठाऊकच हाय," ती म्हणाली. "तिला सांगा. लाजंनं येत नाय पोर."

मी तिथेच, सगळ्या बायकांसमोर, मुलीला फोन लावला. जे व्यासपीठावर बोललो तेच पुन्हा बोललो आणि वर म्हटलं, "तुझी मावशी इथे उभी आहे." मी फोन मावशीच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला आणि नुसतं म्हणाली, "जेवलीस का गं?"

जन्मभर दुसऱ्यांचं ऐकण्याची खोड. कान तिथेच अडकले होते. मी पाय ओढून बाहेर काढला, चपला घातल्या आणि पार हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. अर्ध्या तासाने एक बाई माझा फोन घेऊन आली. तो तापला होता. पडद्यावर काय आहे ते न बघता मी तो खिशात टाकला.