काजमावशीची लाल रेघ

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. त्या रागापायीच काजमावशीच्या बाबतीत माझ्या हातून नको ते घडलं.

काजमावशी म्हणजे आमच्या शिलाई कारखान्यात काजं करणारी बाई. शर्टाला बटणांची भोकं पाडायची आणि त्यांच्या कडा दोऱ्यानं बांधायच्या, हे तिचं काम. तिच्या पुढच्या टेबलावर मी, इस्त्रीवाली. पांढऱ्या शर्टांवर ती लाल खडूनं खुणा करायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिची बोटं लाल होऊन जायची. साध्या पाण्यानं धुतली तरी नखांत रंग राहायचाच.

आम्ही दोघी एकाच चर्चच्या. बुधवारी सहाला कामावरून सुटलो की तशाच चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनेला जायचो. तिथं एक वही होती. ज्याला जे मागायचं ते त्यानं वहीत एका ओळीत लिहायचं. पाळकसाहेब ते मोठ्यानं वाचायचे, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. मागणं पूर्ण झालं की त्या ओळीवर लाल रेघ मारायची. माणूस गेलं तर मात्र रेघबिघ काही नाही, पुढच्या वहीत ती ओळ उतरवायचीच नाही. माझ्या नवऱ्याची ओळ अशीच गेली. चौदा महिने मी त्याच्या फुप्फुसांसाठी मागितलं होतं. त्यानंतर मी सभेला जायचे ती नुसती हजेरी लावायला. देवाशी माझं बोलणं बंद होतं.

मावशीची ओळ नऊ वर्षं तशीच होती. "माझा मुलगा घरी यावा." एकुलता एक मुलगा. तिसरी नोकरी सोडून आला, तेव्हा दिवसभर उभं राहून दमलेली ही बाई त्याला म्हणाली, "किल्ली ठेव आणि चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस." जिभेला काय हाड असतं? घरोघरी आया असं बोलतात आणि तासाभरानं जेवायला हाका मारतात. पण ह्या पोरानं आईचा शब्द जन्मात पहिल्यांदा खाली पडू दिला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. मग पत्र नाही, फोन नाही, कुणाच्या हातचा निरोप नाही.

दर बुधवारी वही उघडली की मावशी आधी जाऊन त्या ओळीवरून बोट फिरवायची, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसं. मग गुडघ्यांवर बसायची. आमेन होऊन सगळे उठले तरी ही आपली खालीच. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतणार आहात?"

"ओतायचं काम माझं गं," ती म्हणाली. "घडा सरळ करायचं त्याचं."

मी हात टेकले.

मग आमचं भांडण झालं. खडूच्या खुणा झटकून शर्ट माझ्याकडे द्यायचे, हा नियम. एकदा तिनं गठ्ठाच्या गठ्ठा तसाच पाठवला, मी न बघता इस्त्री फिरवली आणि खुणा कापडात पक्क्या बसल्या. कारखान्याच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत मला झापलं. मीही मावशीवर तोंड सोडलं. "लक्ष असतं कुठं तुमचं? सगळा वेळ त्या पळपुट्या पोरात!" त्या दिवसापासून दोन आठवडे आम्ही टेबलाला टेबल लावून काम केलं, पण एकमेकींकडे बघितलं नाही.

नेमकी तेव्हाच वही फाटायला आली. एरवी पाळकबाई नवी वही उतरवायच्या, पण त्यांना आता दिसत नव्हतं आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी लिहायला बसले. पूर्ण झालेल्या ओळी उपकारस्तुतीच्या पानावर लिहायच्या, उरलेल्या मागण्यांच्या. मावशीच्या ओळीपाशी आले आणि बघते तर ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

आला पोरगा! आणि या बाईनं मला एका शब्दानं सांगितलं नाही? मी तिच्या दाराशी मागायला जाणार होते का काही? खरं सांगते, नुसता राग नव्हता, जळफळाट होता. हिचं ऐकलं आणि माझं नाही ऐकलं. चार गल्ल्या ओलांडून मी विचारायला जाऊ शकले असते, पण मी कशाला जाऊ? मी तो मुलगा उपकारस्तुतीच्या पानावर लिहून टाकला. ज्या खडूवरून भांडले, तोच खडू मला ओळखता आला नाही.

बुधवारी मावशीला कामामुळे उशीर झाला. ती मागच्या बाकावर टेकते न टेकते तोच पाळकसाहेबांनी वाचलं, "काजमावशींचा मुलगा घरी परत आला, त्याबद्दल प्रभूचे उपकार." त्यांना वाटलं, मावशीनंच मला सांगितलं असणार. सगळी खोली "आमेन" म्हणाली. दोघीजणी तर रडायलाच लागल्या.

मावशी उभी राहिली. तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. "आला?" एवढंच म्हणाली आणि दुसऱ्याच कुणाच्या चपला पायात घालून पळत सुटली.

मला तेव्हा कळलं. मी तिच्यामागे धावले, पण साठीच्या त्या बाईला मला गाठता येईना. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी धापा टाकत जिना चढले, तर ती दारापुढे उभी होती. दाराला कुलूप होतं.

"किल्ली नाही ना त्याच्याकडे," ती मला म्हणाली. हसत होती. दोन आठवड्यांचा अबोला तिच्या ध्यानातही नव्हता. "मीच काढून घेतली होती. खाली कुठं तरी थांबला असेल. तुला दिसला का गं? वाळलाय का?"

"मावशी," मी म्हटलं, "मी चुकले. कुणी आलेलं नाही. ओळीवर मला लाल रेघ दिसली, म्हणून मी लिहिलं."

तिला कळायला वेळ लागला. मग तिनं आपला उजवा हात वर केला आणि बोटाकडे बघितलं. बोट लाल होतं.

"म्हणजे मीच पुसला त्याला," ती म्हणाली आणि जिन्यावर बसली. मी शेजारी बसले. सांत्वन करायला तोंड कुठलं उरलं होतं मला?

पुढच्या बुधवारी ती साबण घेऊन आली. चर्चच्या मागच्या नळाखाली नखं घासघासून धुतली आणि मला म्हणाली, "लिही पुन्हा." मी मागण्यांच्या पानावर ओळ लिहिली. तिनं त्या ओळीला पुन्हा कधी बोट लावलं नाही. गुडघ्यांवर मात्र बसत राहिली, दर बुधवारी, आणखी तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मीच विषय काढला, माफ करा म्हटलं. ती म्हणाली, "अगं, त्या दिवशी चर्चपासून जिन्यापर्यंत तो घरी होता. बारा वर्षांत तेवढंच मिळालं बघ मला." मग उशाखालून त्याची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ओळ सोडू नकोस."

यंदा पुन्हा नवी वही आली. नियमानं गेलेल्या माणसाची ओळ उतरवत नाहीत. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मावशी गेल्या. ही ओळ आता उतरवू नका."

"गेली ती आई," मी म्हटलं. "मागणं पोराचं आहे."

"पण त्यानं यायचं कुठल्या घरी?"

तिच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आहे, त्यांनी कुलूपही बदललंय. ती किल्ली माझ्या घरी खिळ्याला अडकवलेली असते, ती आता कुठल्याच दाराला लागत नाही. तो येईल असं मला वाटत नाही. देव ऐकतो की नाही, तेही मला माहीत नाही. तरी मी ओळ उतरवली. बुधवारी ती वाचतात, प्रार्थना होते, आमेन होतं, सगळे उठून चपला शोधायला लागतात. मी अजून खालीच असते.