सोळा लोहचुंबकांचं हळदीकुंकू

खंडेनवमीच्या सकाळी मी सोळा लोहचुंबकांना हळदीकुंकू वाहिलं आणि अशोकचे पाय जवळजवळ घालवले.

तसा मी निरुपद्रवी माणूस आहे. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्यामुळे थेंबभर पाणी इकडचं तिकडे झालं नाही. त्या सकाळीही मी फक्त साटोऱ्यांचा डबा पोचवायला निघालो होतो. सौभाग्यवती सुमननं बजावलं होतं, "डबा द्या आणि या. तिथं कशाला हात लावू नका." डबा द्यायचा लक्षात राहिला.

डबा जायचा होता कमलिनीताई वैरागड्यांकडे. नेहरू नगरात आमच्यापासून तिसरं घर. निवृत्तीनंतर माणसानं गुडघ्यांबद्दल बोलावं, असा आमच्या कॉलनीचा रिवाज आहे. कमलिनीताई मोटरींबद्दल बोलतात. एकतीस वर्षं कारखान्याच्या वाइंडिंगमध्ये, मोटरींना तारा गुंडाळण्यात काढली, आणि आता पडवीत टेबल टाकून बॅटरी रिक्षांच्या मोटरी दुरुस्त करतात. करोंदच्या मंडीपासून हबीबगंजपर्यंतचे रिक्षावाले त्यांना 'काकू' म्हणतात आणि त्यांच्यासमोर तंबाखू खात नाहीत.

मी गेलो तेव्हा ताई आत फोनवर होत्या. "हो रे बाबा, उद्या. उद्या नक्की. आज चिपकवते, रात्रभर सुकतं, सुबह तू गाडी चालवशील. रडू नको."

टेबलावर लाकडी पाट. पाटावर वीतवीतभर अंतर ठेवून सोळा चकचकीत तुकडे मांडलेले, खोबऱ्याच्या कापांसारखे बाकदार. आठांवर हळदीचं बोट, आठांवर कुंकवाचं. शेजारी पंचपाळं, आणि वाटीत मधासारखं दाट काहीतरी.

माझ्या मनात आलं, बिचारीची पूजा अर्धवट राहिली, फोन आला असेल. आज खंडेनवमी, हत्यारांची पूजा. हळद मिळाली त्याला कुंकू नाही, कुंकू मिळालं त्याला हळद नाही, हे काही बरं दिसत नव्हतं. मी बोट ओलं केलं आणि एकेकाला राहिलेलं वाहून टाकलं. सोळाच्या सोळा. नमस्कारही केला. वाटीतल्या मधाचं बोट चाटणार, इतक्यात ताई बाहेर आल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाटाकडे पाहिलं, माझ्या पिवळ्यातांबड्या बोटाकडे पाहिलं, आणि खुर्चीवर बसल्या.

"भाऊजी, हे तुम्ही केलं?"

"राहिलं होतं ना, म्हटलं..."

"हळद म्हणजे उत्तर. कुंकू म्हणजे दक्षिण."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. मोटरच्या पोटात एक दंडगोल फिरतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या अंगावर हे चुंबक बसवायचे, वरच्या अंगाला एकाचा उत्तर ध्रुव, पुढच्याचा दक्षिण, परत उत्तर, परत दक्षिण. एक जरी उलटा बसला तर मोटर गुरगुरते, झटके देते, फिरत नाही. पेन कुठे जातो ते कधी कळत नाही, पंचपाळं मात्र देवघराशीच असतं, म्हणून ताई हळदीकुंकवानं खूण करायच्या. आणि मी सगळ्यांना दोन्ही दिशा देऊन बसलो होतो.

"मग परत ओळखता येत नाही का?"

"येतं. एकटीला अर्धा तास लागतो." त्यांनी वाटी उचलली. "आणि हे वीस मिनिटांत दगड होतं. पाच गेली."

तो मध नव्हता. दोन नळ्या मिसळून केलेलं चिकटवण होतं, इंदूरहून आलेलं, घरातलं शेवटचं. दसऱ्यापायी दुकानं बंद. माझी जीभ त्यात अडकली असती तर सुमननं त्यांना साडी घेतली असती, हा विचार मी मनातच ठेवला.

गाडी होती अशोकची. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला. ब्रेक, रेस, सगळं हातावर करून घेतलेली बॅटरी रिक्षा हबीबगंज स्टेशनला चालवतो. बारा दिवसांमागं कोट्र्याच्या उतारावर त्याच्या मोटरीतला एक चुंबक सुटला, मोटर जाम झाली, चाक जागीच आवळलं आणि गाडी कलंडली. भुवईला सहा टाके. कुणीतरी ते चुंबक नुसते चिकटवून दिले होते. तेव्हापासून चाळिशीचा अशोक संडासलासुद्धा धाकट्या भावाच्या, गिरीशच्या, पाठीवरून जातो. आतला फोन त्याचाच होता.

हे ऐकल्यावर मला बसायला खुर्ची हवी होती. ताईंनी सुई दिली.

शिवायची सुई. त्यांनी ती एका चुंबकावर एकाच दिशेनं आठदहा वेळा घासली, मधोमध दोरा बांधला आणि दोरा माझ्या हातात दिला. "मी एकेक चुंबक वेगळा धरते. सुई हातभर लांब ठेवा. टोक चुंबकाकडे वळलं तर हळद म्हणा, नेढं वळलं तर कुंकू. हात हलवायचा नाही."

"माझा हात थरथरतोय, ताई."

"मघाशी नाही थरथरला."

मी मोबाइल काढू लागलो, त्यात होकायंत्र असतं म्हणून. "लांब! मोबाइल लांब!" अशी हाक आली की समोरच्या घरातला कुत्रा उठून गेला.

मी श्वास धरून पुकारत होतो. हळद. कुंकू. कुंकू. हळद. ताई स्पिरिटच्या फडक्यानं माझी भक्ती पुसत होत्या, खरी खूण करत होत्या, खाली चिकटवण लावत होत्या आणि चुंबक रोटरवर सरकवत होत्या. तो शेजारच्या चुंबकाकडे झेप घेऊ बघायचा. मधे त्या कुल्फीची काडी खुपसायच्या. तेव्हा मला दिसलं, त्यांच्या डाव्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. सात वर्षं या बाईंच्या हातचा चहा पितोय आणि मला ते आज दिसलं.

"ताई, हे बोट..."

"दोन चुंबकांच्या मधे आलं. माझीच घाई. पुढचा सांगा."

"कुंकू," मी म्हटलं.

सोळावा बसला तेव्हा वाटीत काडी उभी राहायला लागली होती. मी सुटकेचा श्वास टाकून चहाचं विचारलं.

"चहा? अजून बांधायचंय."

"चिकटले ना?"

"भाऊजी, जत्रेतल्या पाळण्यात बसलात कधी? फिरायला लागला की बाहेर फेकल्यासारखं होतं ना? हे मिनिटाला तीन हजार वेळा फिरतं. गोंदाच्या भरवशावर मी अशोकला उतारावर सोडू?"

मग त्यांनी काचेच्या धाग्याची, राळेत भिजवलेली पट्टी काढली. कारखान्यात हेच काम करायच्या. तिथं पट्टी ताणायला यंत्र होतं, इथं पट्टीच्या टोकाला पाच किलोचं वजन लटकवलेलं. रोटर हळूहळू फिरवत त्यांनी पट्टी गुंडाळली, गालफडं आवळून, एकही सुरकुती न पडू देता. दोनच थर. तिसरा दिला तर रोटर भोवतीच्या तारांच्या कड्याला घासतो. मग सगळं लाकडी खोक्यात ठेवून आत साठचा बल्ब लावला. जास्त उष्णता दिली तर चुंबकाची ताकद जाते म्हणे. पिल्लं उबवावीत तसं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एखादी हळद मी कुंकू म्हणून पुकारली असेल तर?

दसऱ्याच्या सकाळी गिरीश अशोकला पाठीवर घेऊन आला. अशोकनं माझ्याकडे पाहून नमस्कार केला, तो मला घेववला नाही. मोटर गाडीत चढली. ताईंनी मागचं चाक उचलून ठेवलं, आम्हा तिघांना भिंतीआड उभं केलं आणि स्वतः रेस पिळली. पूर्ण. दहा मिनिटं. ना गुरगुर, ना झटका. फक्त एक बारीक सूं. मी भिंतीआड मनात हळद, कुंकू, हळद, कुंकू मोजत होतो.

अशोक सीटवर सरकला. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, चौकापर्यंत गेली, परत आली. त्याच्या भुवईखालून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता, दोन्ही हात हँडलवर होते. "काकू, मैं खुद गया!" तो ओरडला. गिरीश रस्त्याच्या कडेला बसला आणि त्यानं बारा दिवसांची पाठ सरळ केली.

मग मी बोललो, कारण मी बोलतोच.

"ताई, पुढच्या खंडेनवमीला मी पूजेला येऊ ना?"

"या. हात बांधून या."