वरून टाकलेली कोरडी माती

जानरावचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. विहिरीवरच्या मोटारीची लाइट चारला यायची आणि बाराला जायची. तेवढ्यात वरूडच्या किसनरावांची संत्राबाग भिजवायची, हे त्याचं काम. त्याआधी तीस वर्षं तो माझ्यासोबत संत्र्याच्या मंडईत हमाल होता. पेट्या सगळ्यांनीच उचलल्या, पण ट्रक मागे घ्यायचा असला की ड्रायव्हर जानरावलाच हाक मारत. तो आधी जागेवरून चालून यायचा. दर दोन पावलांवर टाच मारून पाहायचा. मग गमछा हलवायचा, "येऊ दे, येऊ दे." थांबवायचं तर मूठ वर. त्यानं बोलावलेला एकही ट्रक रुतला नाही.

हमाली सुटल्यावर आम्ही दोघंही किसनरावांकडे लागलो.

फेब्रुवारीतली गोष्ट. पाणी सुरू करून जानराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकला आणि त्याचा डोळा लागला. तेवढ्यात पाट फुटला. बागेशेजारच्या मोकळ्या वावरात तासभर पाणी गेलं. मी सहाला पोचलो, तेव्हा तो बांधाची कोरडी माती फावड्यानं ओलीवर पसरत होता.

"हे काय करून राहिला बे?"

"मालकाले दिसन ना. आजवर कामासाठी कोनाचं बोलनं खाल्लं नाही म्या."

मी दुसरं फावडं उचललं. "त्या कोपऱ्यातही टाक," मीच म्हणालो. "काळं दिसून राहिलं."

काम आम्ही नीट केलं. सांगायला जड जातं ते हेच. आठ वाजता ती जागा बाकीच्या वावरासारखीच दिसत होती.

साडेनऊला आवाज आला. चांदूर बाजारच्या एका लग्नात नवरा-नवरीवर फुलं टाकायला आणलेलं छोटं हेलिकॉप्टर परत चाललं होतं. त्याची घरघर मध्येच तुटत होती. ते झपाट्यानं खाली येऊ लागलं. चहूकडे संत्र्याची झाडं, मोकळं वावर तेवढं एकच. जानराव धावत वावरात गेला, खांद्यावरचा गमछा काढला आणि हलवायला लागला. टाच मारली नाही. हात आपोआप चालत होते.

मी ओरडलो, "जानराव, तिकडं चिखल हाय!"

त्याला आठवलं. त्यानं मूठ वर केली. पण तो ट्रक नव्हता.

हेलिकॉप्टरची एक बाजू कोरड्यावर टेकली. दुसरी वरची माती फोडून आत गेली. यंत्र कलंडलं, वरचं पातं जमिनीला लागून तुटलं. आत पायलट एकटाच होता. आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं. त्याचा उजवा पाय मोडला होता.

गावानं जानरावला डोक्यावर घेतलं. सरपंच महादेवरावांनी शाल-नारळ दिला आणि म्हणाले, "आपल्या जानरावनं आभायातला ट्रक लावला, बापा!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. जानरावनं मान वर केली नाही.

चौकशीची माणसं आली. "जमीन ओली कशी?" त्यांनी विचारलं. किसनराव म्हणाले, "बागायत हाय साहेब, ओल राहतेच." आम्ही दोघं तिथंच उभे होतो. कोणी आमच्याकडे पाहिलं नाही आणि आम्ही तोंड उघडलं नाही.

मग पेपरात आलं. पायलट म्हणतो जमीन कोरडी दिसत होती. चौकशीवाल्यांना ते पटत नाही. जागा ओळखायला तो चुकला असं ठरलं, तर त्याचं उडणं बंद होईल. जानरावनं ती बातमी मला दोनदा वाचायला लावली.

त्या दिवशी त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं, विचारलं, "तुमी जेवून काहून नाही राहिले?" त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वा! त्या लेकराची नोकरी जाऊ द्या, अन् तुमी शाल पांघरून बसा."

शनिवारी आठवड्याच्या मजुरीचा हप्ता मिळाला. सोमवारी आम्ही अमरावतीला बस बदलून अकोल्याला गेलो. पायलट गौरांग तिथलाच, घरी पडून होता. दार त्याच्या आईनं उघडलं. रमाताई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी जानरावला पेपरातल्या फोटोवरून ओळखलं आणि पाया पडायला वाकल्या. जानराव दोन पावलं मागे सरला.

"नका ताई. आधी ऐकून घ्या."

पलंगाशी उभं राहून त्यानं सांगितलं. "तुमाले जमीन कोरडी दिसली ते खरं हाय. म्या वरून कोरडी माती टाकली होती. चूक झाकाले."

"अन् म्या," मी म्हणालो.

गौरांग प्लास्टरकडे पाहत राहिला. "तुमचा गमछा पाहूनच मी त्या कोपऱ्यात घेतलं, काका," तो म्हणाला. रमाताई आत निघून गेल्या. चहा आला नाही. तो यावा असं आम्ही काही केलंही नव्हतं.

गौरांगनं विचारलं, "हे लिहून द्याल?"

"त्याच्यासाठीच आलो."

"खर्च मी देतो."

"नाही. चूक माही, कागदही माहाच."

तिथल्या तहसील कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे अर्जनवीस बसले होते. त्यातल्या एकाला जानराव एकेक वाक्य सांगत गेला. डोळा लागला, पाट फुटला, माती टाकली, टाच न मारता गमछा हलवला. अर्जनवीस म्हणाला, "टाचेचं कशाले लिहिता? कोनाले समजनार?" जानराव म्हणाला, "लिहा." त्यानं सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली.

सहा दिवस साडेतीनला उठून मिळवलेली मजुरी होती. ती त्या स्टँप पेपरला, लिहिणावळीला आणि दोन तिकिटांना गेली.