आक्काने सांगितलेला सिनेमा

आक्काला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि इंग्रजी सिनेमा समजावून सांगण्यावर तिचं पोट चालत होतं. निजामाच्या राज्यात आमच्या उमरग्याला तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये कनात, इकडे बायका, तिकडे पुरुष. आक्का आमच्या बाजूला तंबाखूची चिमूट दाढेत धरून उभी राहायची आणि पडद्यावर दिसेल त्याची गोष्ट करायची. आवाज असा, की पुरुषही तिच्याच भरवशावर बसायचे.

घोडे-बंदुकांचा एक सिनेमा पंधरा दिवस चालला. मी तो सहा वेळा पाहिला. असल्या नोंदी मी तेव्हापासून ठेवते. त्यातली गोरी बाई आक्काच्या तोंडी दर खेळाला जास्त खमकी होत गेली. बाईने डोळ्याला रुमाल लावला, की आक्का बजावायची, "रडायली न्हाय ती. धूर गेलाय डोळ्यात. आता बगा, नेम धरतीय!"

खलनायक होता छातीवर तारा लावलेला फौजदार. बायका त्याला शिव्या घालायच्या, तर आक्का त्यांच्यावरच डाफरायची. "गप बसा गं! वरून हुकूम येतोय, खालून लोक थुकतेत, घरी बायकू बोलत न्हाय. मानसानं करावं काय?"

एकदा गावच्या पोलिसांचे मुख्य, अमीनसाहेब, खेळाला आले. त्यांच्या बेगम आमच्यात बसलेल्या. आक्काचं हे बोलणं संपतं न संपतं तोच बेगम खळखळून हसल्या, "हौ, बिलकुल ऐसाच है!" कनातीपलीकडे सगळ्यांनी ऐकलं. अमीनसाहेब उठले, तंबूच्या मालकाकडून खेळाचा परवाना काढून घेतला आणि सिनेमा अर्धा टाकून चालते झाले.

मालक म्हणाला, "आक्का, परवाना परत आणा, नाहीतर तुम्हीही घरी बसा."

सकाळी आक्का ठाण्यात गेली. सोबत माझी आई आणि मी. आईने वाटेत तीनदा बजावलं, "माफी मागा, आक्का." आक्काने तोंड उघडायच्या आतच अमीनसाहेबांनी खाली मान घालून विचारलं, "आगे उसका क्या हुआ?"

"मेला, सायेब."

"औरत ने मारा?"

"व्हय. पर आदी पानी पाजलं. म्हनली, तुमी चुकला, पर तुमचं बी थोडं खरं व्हतं."

अमीनसाहेब बराच वेळ दौतीत टाक बुडवत राहिले. मग परवाना पुढे सरकवला. "शाम को फिर लगाव. हमारे वास्ते दो कुर्सी."

तंबू हलला तशी आक्काही गेली. पुन्हा दिसली नाही. पुढे इंग्रजी शिकल्यावर सोलापूरला तोच सिनेमा पाहिला. बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत रडते, गोळी भलताच कुणी घालतो, फौजदाराला पाणी कुणी विचारत नाही. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "हे चुकीचं दाखवतायत," आणि उरलेला सिनेमा तिला मीच सांगितला.