वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. सरकारी दवाखान्याच्या मीटिंगमध्ये क्लार्क शिंदेनं माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं आणि म्हणाला, "तात्या, हितं सही करा."

पान कोरं होतं.

आमच्यात तशी पद्धतच होती. रुग्ण कल्याण समिती म्हणजे दवाखान्याचा कारभार बघणारी गावातली सात-आठ माणसं. चहा यायचा, बिस्किटं यायची आणि कोऱ्या पानावर सह्या व्हायच्या. ठराव शिंदे मागनं निवांत लिहायचा. फक्त माझी एक खोड होती. मी दुसरी शिकलेला. छापलेलं वाचतो, हातानं लिहिलेलं मला लागत नाही. म्हणून मी म्हणायचो, वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. सगळे हसायचे. मी हसू द्यायचो.

त्याच दवाखान्यात मी तीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखम धुणारा, पट्टी बांधणारा. गाव इंदापूर तालुक्यातलं, कळसच्या बाजूला. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. माझ्या आज्ज्याला गावचा वैद्य औषधाची पुडी लांबनं टाकायचा. आमची माणसं पुढं बौद्ध झाली, आणि मी त्याच गावात सगळ्यांच्या जखमा ह्या हातानं धुतल्या. ह्याचा मला गर्व आहे, लपवत नाही.

त्या दिवशीचा ठराव होता भानुदासरावांना समितीवर घ्यायचा. भानुदासराव म्हणजे सत्संग चालवणारे. माणूस कामाचा. दवाखान्याला पाण्याचा फिल्टर त्यांनीच दिला, डोळ्यांची शिबिरं त्यांनीच घेतली. मीटिंगला ते स्वतःही येऊन बसले होते, आणि सगळी त्यांच्या बाजूनं होती.

पण त्याच सकाळी दत्ता माझ्या दारात आला होता. दत्ताची पेरूची बाग आहे. त्याच्याबरोबर अरुण राहतो, बारा वर्षं झाली. दोघांचा संसार एक. गावाला काय समजायचं ते समजलेलं आहे. मला त्यातलं फार कळत नाही, आणि माझ्या कामाला ते कळायची गरज कधी लागली नाही. दत्ताला शुगर. अंगठ्याखाली जखम. शुगरवाल्याची जखम वरनं लहान दिसते आणि आत चरत जाते. पट्टी आठ दिवसांची होती. लांबनंच वास आला.

"तात्या, तुमीच बांधा की घरी," तो म्हणाला. "मी आता तितं जात न्हाय."

का, म्हणून विचारलं. ते त्याच्यासंगं आलेल्या अरुणनं सांगितलं. भानुदासराव निवड व्हायच्या आधीच दवाखान्यात बाकड्यावर येऊन बसायला लागले होते. भरल्या बाकड्यांसमोर ते दत्ताला म्हणाले होते, आधी घरातलं पाप बाहेर काढ, मग पाय आपोआप बरा हुईल.

मी पट्टी बांधली नाही. त्या पायाला डॉक्टरची नजर पाहिजे होती, माझी ओसरी नाही. आत्ताच चल म्हणालो, तर येईना. बारामतीला जा म्हणालो, तर एक दिवसाआड तिथं जाऊन पट्टी कशी बदलणार?

"त्यो माणूस तितं बसणार आसंल तर माझा पाय गेला तरी चालंल," दत्ता म्हणाला.

त्याचा हट्ट माझ्याएवढाच होता. मी म्हणालो, उद्या सकाळी तुला न्यायला येतो.

म्हणून दुपारी कोऱ्या पानावर मी पेन टेकवलं नाही. शिंदे म्हणाला, "तात्या, अजून लिहिलंच न्हाय तर वाचू काय?"

"मग लिही. मला गडबड न्हाय."

त्यानं लिहिलं आणि वाचलं. भानुदासरावांना सदस्य म्हणून घ्यावं, आणि येणाऱ्या रुग्णांना शिस्त व मार्गदर्शन करायचं काम त्यांच्याकडं द्यावं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. चिकटलेली पट्टी ओढायची नाही. सलाईनच्या पाण्यानं भिजवायची आणि थांबायचं. मी आवाज चढवला नाही. विचारलं, "भानुदासराव, दत्ता आला तर त्याला काय मार्गदर्शन कराल?"

"त्या दिवशी केलं तेच. जे देवाला मान्य न्हाय, ते मला कसं मान्य व्हईल?"

"आन् त्यानं न्हाय ऐकलं तर?"

"तर त्यानं दुसरा दवाखाना बघावा."

मी शिंदेला म्हणालो, हे बी लिही. शिंदे दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमकडं बघायला लागला. शेजारच्या मेंबरनं मला टोमणा मारला, "तात्याला लई पुळका त्या दोघांचा."

"पुळका पायाचा हाय," मी म्हणालो.

भानुदासराव ताठ बसले होते. "लिहा. मी काय लपवत न्हाय."

शिंदेनं लिहिलं आणि वाचलं. बोललेलं एक असतं, रजिस्टरात चढलेलं दुसरं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ह्याच्याखाली दवाखान्याचा शिक्का मारता येणार नाही. सरपंचबाईंनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "सत्संगाला मी येते, येत ऱ्हाईन. पर ह्याच्याखाली माझी सही न्हाय."

मग कुणीच सही केली नाही. भानुदासराव उठले आणि स्वतःच म्हणाले, माझं नाव काढा. दारात माझ्याजवळ थांबले.

"तात्या, तुमी मला बोलायला लावलं."

"व्हय. आन् तुमी खरं बोललात, त्याचे उपकार हाईत."

ते उपकार मी आजही मानतो. 'सगळ्यांना सारखं बघीन' एवढंच ते म्हणाले असते, तर माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. मॅडमचे मानतो, सरपंचबाईंचे मानतो, आणि शब्द न गाळता लिहिणाऱ्या शिंदेचे तर जास्तच. दत्ताचा अंगठा वाचला. भरायला दोन महिने लागले. भानुदासराव त्या बाकड्यावर पुन्हा बसले नाहीत, पण त्यांचा फिल्टर चालू आहे, पाणी आम्ही सगळे पितो. आणि आता आमच्याकडं आधी ठराव वाचतात, मग चहा येतो. चहा गार होतो म्हणून माझ्या नावानं बोटं मोडतात, मोडू देत.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेरूच्या बागेत गेलो. अरुणनं मोटारसायकल काढली, दत्ताला मधी घेतलं, मी मागं बसलो. दवाखान्यात त्याच बाकड्यावर दत्ताशेजारी बसलो, नंबर आल्यावर तिघंही आत गेलो. नव्या ड्रेसरबाईनं पट्टीचं टोक चिमटीत धरलं.

"बाई, आधी भिजवा," मी म्हणालो.

तिनं सलाईनचं पाणी ओतलं. आम्ही चौघं थांबलो.