नाशिकच्या वाटेवर अक्कांचा ग्लास

नातवंडांनो, थोरल्या आजीचा तो फोटो तुम्ही तिकडे फ्रीजवर लावला आहे, असं तुमच्या आईनं सांगितलं. नऊवारी, डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात लांब दांड्याचा काचेचा ग्लास. मागे द्राक्षांच्या वेली. फोनवर तुम्ही हसत विचारलंत, थोरली आजी वाइन पिते का? मी म्हटलं, छे, तो द्राक्षाचा रस आहे. ते खोटं होतं. तुमच्याशी मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून लिहिते.

थोरली आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. चकलांब्याच्या शेतकरी घरातून त्या सोळाव्या वर्षी आमच्या घरी आल्या, त्या गळ्यात माळ घेऊनच. शाळा चौथीपर्यंत. मी अंबाजोगाईच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात होते, तेव्हा तुमच्या आईला आणि मामाला भरवलं, न्हाऊ घातलं, झोपवलं ते अक्कांनी. मी संध्याकाळी घरी येऊन दोघांच्या वह्या तेवढ्या तपासायची.

माळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. माळकरी माणूस मांस-मच्छी खात नाही, दारूला शिवत नाही. अक्का त्याहून कडक. एकदा एका लग्नात पंगतीला बसल्या असताना मांडवामागे काही माणसं पीत असल्याचं त्यांना कळलं. वाढलेल्या पानाला नमस्कार करून उठल्या आणि उपाशी घरी आल्या. हे मला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या फेब्रुवारीत मामानं पुण्याहून एक कॅराव्हॅन भाड्यानं आणली. आत झोपायला तीन जागा, छोटा ओटा, बेसिन आणि कपाटाएवढ्या जागेत न्हाणी-संडास. नाशिककडची द्राक्षं तोडणीला आली होती. तिथल्या एका वायनरीच्या आवारात गाडी लावून मुक्काम करता येतो, असं त्यानं शोधून काढलं होतं. जाता-येता देवदर्शन. आखणी माझ्याकडे होती. कोणत्या दिवशी कुठे, किती वाजता निघायचं, मुक्काम कुठे, सगळं एका कागदावर लिहिलं. अक्कांना तो कागद वाचून दाखवला: पैठण, वेरूळ, नाशिक, त्र्यंबकेश्वर. वायनरीच्या ओळीला आल्यावर मी वाचलं, ‘द्राक्षाचा मळा’. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा अक्कांनी आत डोकावून बघितलं.

“चूल आन् संडास एकाच भिंतीला? मी न्हाई बाई तिथं शिजवायची.”

“अक्का, मध्ये दार आहे की,” मामा म्हणाला.

“दारानं काय व्हतंय? बिऱ्हाड म्हनावं का काय म्हनावं ह्याला!”

शेवटी स्वयंपाक बाहेर, छोट्या शेगडीवर करायचा असं ठरलं. आम्ही गाद्या, भांडी, पिठाचा डबा चढवत होतो, तेव्हा समोरचे शेजारी फाटकाशी येऊन उभे राहिले. “काय काकू, कोणत्या कारखान्याला निघालात?” आमच्या जिल्ह्यात एवढं सामान गाडीत भरून माणसं निघतात ती ऊसतोडीलाच. सगळे हसले. अक्का म्हणाल्या, “आमचा मुकादम लई मऊ हाय, कोयता बी दिला न्हाई.” मामाच तो मुकादम.

धारूरचा घाट उतरून बीड, मग वाकडी वाट करून चकलांब्याला अक्कांच्या भाच्याकडे चहा, आणि संध्याकाळी पैठण. तिथे ओळखीच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी लावली. सकाळी मी उठले तर अक्का आंघोळ उरकून गाडीच्या पायरीपुढे रांगोळी काढत होत्या.

“आता तासाभरानं निघायचंय आपल्याला,” मी म्हटलं.

“निघू की. दार हाय तवर रांगोळी नगं?”

वेरूळलाही तेच. एका हॉटेलच्या मागच्या अंगणात मुक्काम, पहाटे रांगोळी, घृष्णेश्वर, मग लेणी. कैलास लेणं बघताना अक्का बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. “वरून खाली कोरत आले म्हन्तोस? मंग चुकलं तर परत लावायचं कसं?” मामाही मान वर करून बघायला लागला. येवल्याहून पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागतात. घड कागदात गुंडाळलेले, बाया क्रेटमध्ये माल भरताहेत. अक्का खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. मी इतका आनंद त्यांच्या तोंडावर फार दिवसांनी बघत होते आणि माझ्या कागदावर मी खूश होते.

वायनरीत दुपारी चार वाजता पोचलो. मोठ्या टाक्या बघितल्या. काळ्या कोटातली मार्गदर्शक मुलगी इंग्रजीत बोलत होती आणि मी अक्कांना मराठीत सांगत होते. त्यात मी बरंच गाळलं. टाक्यांत रस साठवतात, एवढंच सांगितलं. बाहेर एका मोठ्या टोपात द्राक्षं भरली होती. पर्यटक पँट दुमडून त्यात नाचत होते, फोटो काढत होते. ती मुलगी अक्कांना म्हणाली, “आजी, तुम्ही पण या ना!”

अक्का दचकल्या. “अन्नावर पाय द्यायचा? आगं, काय बोलती ही?” मग त्यांनी वाकून टोपाच्या कडेला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पर्यटकांपैकी एक बाई पायाला द्राक्षांची सालं चिकटलेली, तशीच थांबून बघत राहिली.

नंतर आम्ही वेलींजवळच्या टेबलाशी बसलो. मामा काउंटरवर गेला. जाताना मी त्याला हळूच सांगितलं, अक्कांना रस आण, आणि मला थोडी लाल वाइन. पंचाहत्तर वर्षांत मी ती कधी चाखली नव्हती. कॉलेजात कितीतरी इंग्रजी कवितांतून ती मुलांना समजावून दिली होती. एकदा चव घ्यावी, असं मनात होतं.

“तू काय सांगितलंस?” अक्कांनी विचारलं.

“रसच,” मी म्हणाले.

मामानं तीन ग्लास ठेवले. अक्कांपुढे रस, माझ्यापुढे वाइन. रंग दोन्हींचा सारखाच, जांभळा-काळा. तो मग फोटो काढायला उठला. अक्कांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून मीच म्हटलं, अक्का, इकडे माझ्या जागेवर या. आम्ही जागा बदलल्या. ग्लास तिथेच राहिले. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवणारी मी, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. फोटो निघाला, तो हाच. अक्का प्यायला लागल्या. मी मामाशी काही बोलत होते, ते संपवून मग ग्लास उचलला आणि घोट घेतला. गोड. नुसतं गोड.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा ग्लास अर्धा झाला होता.

“आंबूस हाय ग,” त्या म्हणाल्या. “घशात चुरचुरतंय. नासलाय का काय?”

तेव्हा मला बोलता आलं असतं. पण ‘अक्का, तो ठेवा, ती वाइन आहे’ म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, मग ती तिथं कुणासाठी ठेवली होती? मी म्हणाले, “इथला रस तसाच असतो.”

“आसंल. टाकावं तर पाप, अन्न हाय.” आणि त्यांनी उरलेला अर्धा ग्लास संपवला. मी त्यांचा रस संपवला.

त्या संध्याकाळी अक्का खूप बोलल्या. चकलांब्याच्या विहिरीत पोहायला शिकल्याची गोष्ट मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकली. गाल लाल झाले होते. मामा म्हणाला, “अक्का आज रंगात आहेत.” त्याला काहीच माहीत नव्हतं. सकाळी त्या रांगोळी काढताना म्हणाल्या, “लई झ्याक झोप लागली बघ.” त्याच दिवशी त्र्यंबकेश्वरला रांगेत त्या माझा हात धरून उभ्या होत्या. दर्शन झाल्यावर मी विचारलं, काय मागितलंत? “तुझ्या गुडघ्याचं मागितलं,” त्या म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर मी स्वतःला समजावत होते. न कळता घडलेल्याचा दोष लागत नाही, असं अक्का स्वतःच म्हणतात. मग त्यांना सांगून कशाला दुखवायचं? पण भजनाला बोलवायला आलेल्या बायकांना अक्का प्रत्येक मंगळवारी त्या रसाचं कौतुक सांगत. आंबूस असतो, पण अंगाला लागतो, झोप येते. मी आतून ऐकत असे. पाडव्याला मामा येणार होता, तेव्हा त्यांनी त्याला फोनवर सांगितलं, “त्या रसाची बाटली आन रे माझ्यासाठी.” त्यानं आणली. वायनरीत त्यानं अक्कांपुढे ठेवला होता, तोच रस.

अक्कांनी पेल्यात ओतून घोट घेतला. “हा तो न्हाई.”

“अक्का, तिथूनच आणलाय. तोच आहे.”

“तो आंबूस व्हता. हा साखरेचं पानी हाय.” त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मामा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर मेथी निवडत बसलो होतो. अक्का काही न विचारता पानं खुडत होत्या, ते मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. कागदावरची ओळ, माझा ग्लास, जागा बदलल्या ते.

त्यांचे हात थांबले नाहीत. “तुला कवा कळलं?”

“पहिल्या घोटाला.”

“तवा माझ्या गलासात किती व्हतं?”

“अर्धं.”

“मंग अर्धं मी न कळता प्याले. आन् अर्धं तू पाजलंस.”

“अक्का, माझी चूक झाली.”

“चूक म्हनू नगंस. जागा बदलली ती चूक. पुढचं चूक न्हाई.” त्यांनी मेथीची जुडी पूर्ण निवडली, देठं एका बाजूला सारली आणि हात धुऊन आल्या. मग गळ्यातून माळ काढली आणि देवघरात ठेवली. “कावून न्हाई बोललीस?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“मला लाज वाटली. वाइन मी मागवली होती.”

“तू चार घोट प्याली असतीस तर मी काय तुला घराबाहेर काढनार व्हते? तू माळकरी हायस का?”

मी त्यांना किती कमी ओळखत होते, हे तेव्हा कळलं आणि त्याचं जास्त वाईट वाटलं.

एकदा माळ उतरली की ती महाराजांच्या हातून पुन्हा घालून घ्यावी लागते. महाराजांकडे जायचं ते एकादशीला. तोवर अक्का माझ्याशी नेहमीसारख्या बोलतात, माझ्या हातचा चहा घेतात. पण त्यांच्या गळ्याभोवती माळेची फिकट रेघ आहे, साठ वर्षांची, आणि त्या पदर घट्ट ओढून ती झाकतात. मंगळवारी भजनाला गेल्या नाहीत. बायका विचारायला आल्या, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अक्का कधी खोटं बोलत नाहीत. माझ्यामुळे तेही झालं.

काल रात्री जेवताना म्हणाल्या, “एकादशीला तू यायचं. म्हाराजांना तूच सांगायचं. माझ्या तोंडातनं ते निघायचं न्हाई.”

“काय सांगू?”

“आता ते तू ठरव. शिकलेली हायस ना? नीट शब्द शोधून ठिव.”

एकादशी परवा आहे. सकाळपासून मी बरेच कागद फाडले. ‘गैरसमजातून’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘नकळत’ लिहिलं आणि खोडलं. ‘त्यांना दुःख होऊ नये म्हणून’ हेही खोडलं. ते तर सगळ्यात खोटं होतं. म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला लिहिताना मला मोठे शब्द वापरता येत नाहीत, तुमच्या आईला ते फोड करून सांगावे लागतात. आता जे उरलं आहे, तेच तिथे म्हणणार आहे: मला माहीत होतं, आणि मी यांना पिऊ दिलं.