सुतळीपलीकडची माशी

चूक माझी होती आणि मी ती धाकट्या भावाच्या माथी मारली.

वाटणीत शेत निम्मं झालं, पण पॉलिहाऊस काही कापता येईना. मग मधोमध सुतळी बांधली. उगवतीकडची काकडी माझी, मावळतीकडची त्याची. सुतळीला हात न लावता आम्ही वाकून ये-जा करायचो.

पांढरी माशी दिसायला लागली तेव्हा मी दुकानातलं औषध आणलं नाही. झाडपाल्यानं माशी पळते का, ते मला बघायचं होतं. धारूरच्या डोंगरातून सीताफळाचा पाला आणला, त्यात लसूण-मिरची वाटून घातली आणि सगळं गोमूत्रात भिजवलं. फरक कळायला थोड्या वेली फवाऱ्याविना ठेवाव्या लागतात. माझी एकही ओळ मला तशी ठेववेना. मनात म्हटलं, धाकट्याची बाजू आहेच की. त्याला विचारलं नाही.

मी फवारायला लागलो तसा तो नाक धरून हसला. "दादा, ह्या वासानं बैल बी माघारी फिरंल, माशीचं काय घिऊन बसलास."

माशी खरंच फिरली. माझी पानं मोकळी झाली, आणि त्याच्याकडचा पिवळा चिकट सापळा माश्यांनी पांढरा झाला. तो बघितला तेव्हाच मला उमगलं. माझा अर्क माशीला मारत नव्हता, नुसता हाकलत होता. आतल्या आत तिला जायला सुतळीपलीकडचीच जागा होती.

"माझ्याकडंच कावून आली आसंल, दादा?" त्यानं विचारलं.

"तुपलं पाणी लई होतंय," मी म्हणालो. "पाला कवळा पडल्यावर माशी येणारच की बे."

त्यानं पाणी तोडलं. माशी हटली नाही, वर वेली वाळल्या. शेवटी त्यानं आपली बाजू उपटून बांधावर टाकली. माझी काकडी बघायला पाटोद्याकडून पाहुणे आले, तर तोच त्यांना कौतुकानं पाल्याची कृती सांगत होता. मी तिथं थांबू शकलो नाही.

त्यानंतर मला बसवेना. जेवता जेवता उठायचो, पॉलिहाऊसच्या दारापर्यंत जायचो, आत न जाताच परतायचो. बायको म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का तुमच्या?"

धाकट्यानं पुन्हा रोपं लावली. एका सकाळी दारात गेलो तर तो ठिबकचा कॉक जरासा उघडून वाकून बघत होता. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"एवढं बास का, दादा? लई तर न्हाई होत?"

मी सुतळीखालून गेलो आणि कॉक पूर्ण उघडला.

"पाणी दे त्यांला. तुपल्या पाण्यानं माशी आली न्हवती. मपल्या फवाऱ्यानं ती तुझ्याकडं गेली. मला तवाच ठावं होतं, तरी तुलाच बोल लावला. चुकलो मी."